कणकेचे दोनशे बारा फोटो

तनुजानं विचारलं तेव्हा मोतीराम पखवाजाचे नटबोल्ट आवळत होता, आणि मान वर न करताच तो बोलून बसला, "हायत की. ढिगानं हायत."

विचारलं होतं साधंच. त्यांच्या बँडच्या नावाचा गाजावाजा होऊन वर्ष उलटलं होतं, म्हणून औरंगपुऱ्याकडच्या एका कलादालनात फोटोंचं प्रदर्शन भरायचं होतं. पेपरवाल्यांनी काढलेले फोटो नकोत, वाजवणाऱ्यांनी स्वतःच्या फोनमध्ये काढलेले हवेत, असं तिच्या डोक्यात होतं. "प्रत्येकाचे दहा, काका. तुमच्या डोळ्यांना हे वर्ष कसं दिसलं ते लोकांना बघू दे."

घरी येईपर्यंत मोतीराम हवेतच होता. एन-सात वसाहतीतल्या त्याच्या दोन खोल्यांच्या घरासमोर त्या दिवशी नळाला पाणी आलेलं, आठ दिवसांनी आलेलं, त्यामुळे मनकर्णाबाई टिपं, घागरी, तांब्यासुद्धा भरून घेण्यात गुंतलेली. तो ओट्यावर टेकला, चष्मा पुसला आणि फोन उघडला. पहिला फोटो कणकेच्या गोळ्याचा. बरं. दुसराही कणकेचाच. त्यानं बोटानं वर सारलं, आणखी वर सारलं. पितळी ताटलीतली कणीक, स्टीलच्या वाटीतली कणीक, कागदी बशीतली कणीक. दोनशे बारा फोटो आणि एकूण एक कणकेचे.

"अगं मनकर्णे," तो म्हणाला, "माझ्या फोनमध्ये माणूसच नाय."

"नळ बंद होईल, मंग बोला," ती म्हणाली.

मोतीराम मूळचा पैठणकडचा. वयाच्या विसाव्या वर्षी वाळूजच्या कंपनीत लागला, अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाला. मधली सगळी वर्षं त्यानं दिवसा लोखंड कापलं आणि संध्याकाळी देवळात पखवाज वाजवला. कधी कुणाकडे मानाचा नारळ मागितला नाही, कधी काकड्याला उशिरा पोचला नाही. त्याच्याविषयी सांगण्यासारखं खरं तर इतकंच होतं. पण पांडुरंगाच्या मनात काय असतं ते कुणाला कळलंय?

पखवाजाला दोन तोंडं. उजव्या तोंडावर कायमची काळी शाई असते. डावं तोंड, ज्याला धूम म्हणतात, ते मात्र मुकं. दर वेळी वाजवण्याआधी त्यावर भिजवलेल्या कणकेचा गोळा थापावा लागतो, तेव्हा कुठं आतून तो गाभाऱ्यातल्यासारखा घुमणारा आवाज उठतो. वाजवून झालं की कणीक खरवडून काढायची, पुढच्या वेळी पुन्हा ताजी. एकतीस वर्षं ही कणीक मनकर्णाबाईनं भिजवली. एकादशीला त्या घरात चूल भगरीपुरती पेटायची, पण परातीत मूठभर गव्हाचं पीठ पडायचंच. ती म्हणायची, "आपल्याला उपास हाय. मृदंगाला नाय." आणि खरवडलेली कणीक केरात जायची नाही. कोपऱ्यावरच्या गाईलाच द्यायची, असा तिचा दंडक होता.

विश्वजीत आणि तनुजा त्याला देवळातच भेटले. विश्वजीत गाणारा, चांगली कंपनीची नोकरी सोडून गाण्यामागं लागलेला. तनुजा एका शाळेत संगीत शिकवायची आणि गिटार वाजवायची. दोघं कुठलीशी जुनी गौळण ऐकायला आले आणि गौळणीपेक्षा पखवाजाकडंच बघत बसले. आठ दिवसांनी तिघं तनुजाच्या गच्चीवर बसून वाजवत होते. बावन्न दरवाजांचं शहर म्हणून विश्वजीतनं नाव ठेवलं, 'त्रेपन्नावा दरवाजा'. मोतीराम म्हणाला, "नाव लांब हाय, पण आत जायला बरं हाय."

वैशाखातल्या एका संध्याकाळी त्या गच्चीवर तनुजाच्या भावानं फोनवर चित्रण केलं. मागं वाळत घातलेल्या कुरडया, त्यापलीकडे धुरकट डोंगर, आणि मधेच विश्वजीत डोळे मिटून गौळण म्हणतोय. नंतर काय झालं ते तिघांनाही नीट सांगता यायचं नाही. चार दिवसांत ते चित्रण लाखो लोकांनी पाहिलं. मोतीराम भाजी घ्यायला टीव्ही सेंटर चौकात गेला तर भाजीवाली म्हणाली, "बाबा, तुमीच ना ते ढोलकीवाले?" त्याला 'ढोलकी' टोचलं, पण कोथिंबीर जास्त मिळाली.

मग जे सुरू झालं ते मोतीरामला अजूनही झोपेत चालल्यासारखं आठवतं. पुणं, इंदूर, पणजी, कोल्हापूर, मुंबई, नागपूर. गाड्या बदलत होत्या, खोल्यांचे पडदे बदलत होते, खिडकीबाहेर सकाळी कुठलं गाव असेल ते पडदा सारल्यावरच कळायचं. समोर अंधारात हजार माणसं बसलेली असायची आणि त्यांच्या हातातले फोन दीपदानासारखे हलायचे. त्याला वाटायचं, आपण वाजवत नाही, कुणीतरी आपल्याला वाजवतंय.

फोटोंची सुरुवात झाली ती एका फजितीतून. पुण्याच्या पहिल्या कार्यक्रमाला मनकर्णाबाईनं घरूनच कणीक भिजवून ओल्या फडक्यात बांधून दिली होती. ज्येष्ठाचा उन्हाळा, गाडीत पाच तास. फडकं सोडलं तर आत आंबट वास आणि चिकट लगदा. थापलेली कणीक दुसऱ्याच आवर्तनात घसरली आणि धूम अशी वाजली, जशी कुणी ओल्या गोणपाटावर चापट मारावी. विश्वजीत गाता गाता मागं वळून बघायला लागला.

त्या दिवसापासून कणीक तिथल्या तिथंच भिजवायची असं ठरलं. पण मोतीरामनं जन्मात कधी स्वतः कणीक भिजवली नव्हती. इंदूरच्या हॉटेलातल्या आचाऱ्याकडून पीठ मागून घेतलं, पाणी ओतलं, आणि जे झालं त्याचा फोटो काढून घरी पाठवला. दोन मिनिटांत मनकर्णाबाईचा आवाज फोनमधून आला, "अहो, ही कणीक हाय का पिठलं? अजून मूठभर पीठ घाला. आन् बोट दाबून फोटो काढा, म्हंजी कळंल."

झालं. तेव्हापासून दर कार्यक्रमाआधी बोट दाबलेल्या कणकेचा फोटो जायचा आणि निकाल यायचा. "सैल हाय." "घट्ट झाली, पाण्याचा हात लावा." "आता बरी. पण तिंबा अजून, आळस नका करू." मनकर्णाबाई चष्मा लावून, फोटो मोठा करून करून बघायची. नापास झालेल्या कणकेचा दुसरा फोटो जायचा, कधी तिसरा.

म्हणून दोनशे बारा. ओट्यावर बसून ते बघता बघता मोतीरामला मात्र सगळं दिसायला लागलं. ही पणजीची, तिथं नुसता मैदा मिळाला होता, फोटोतसुद्धा ओशाळल्यासारखी पसरलीये. कोपऱ्यात निळी पट्टी आहे तो समुद्र. ही कोल्हापूरची, तांबूस, खपली गव्हाची असणार. ताटलीच्या काठावर विश्वजीतची अनवाणी पावलं, कार्यक्रमाआधी तो भीतीनं चपला काढून फिरायचा. ही मुंबईची. मागच्या आरशात तनुजा दिसते, पाठमोरी, वडिलांच्या आजाराचा फोन आल्यावर भिंतीला डोकं टेकून उभी. तो फोटो काढताना तिच्याकडं लक्षच गेलं नव्हतं. आणि मुंबईतच तो सकाळी सहाला कणकेचा गोळा घेऊन गाय शोधत पाऊण तास हिंडला होता, शेवटी एका तलावातल्या माशांना घालून आला. घरी फोन करून विचारलं, "मासे चालतील का?" ती म्हणाली, "मत्स्यावतार हाय. चालंल."

मग नागपूरचा फोटो आला आणि त्याचं बोट थांबलं.

त्या फोटोत कणीक पहिल्याच झटक्याला पास झाली होती. पण मनकर्णाबाईनं तेव्हा विचारलं होतं, "ते मागच्या खोक्यावर तुमचं नाव काय म्हणून लिवलंय?" त्यानं तेव्हा फोटो मोठा करून पाहिला होता. कणकेच्या मागं एक काळं खोकं, आणि त्यावर विश्वजीतच्या अक्षरात पांढरी चिठ्ठी, 'मोतीकाका, पखवाज, १ ते ४०'.

त्या दुपारी सभागृह रिकामं होतं. मोतीरामनं खोकं उघडलं. आत रबरी चौकोनांचं एक यंत्र होतं, तार जोडलेली. त्यानं एका चौकोनावर बोट टेकवलं. सभागृहाच्या चारी कोपऱ्यांतून 'धा' आला. त्याचाच. अंगठ्याचं जुनं दुखणं आहे, त्यामुळे त्याचा 'धा' किंचित कलता पडतो, तो कलतेपणासुद्धा त्यात होता. दुसऱ्या चौकोनातून त्याचाच 'ता'. तिसऱ्यातून घुमणारी धूम, आणि तिला कणीक लागत नव्हती. माणूस आपल्याच सावलीला हात लावून बघतो आणि ती गरम लागते, तसं त्याला झालं. तेव्हा त्याला आठवलं. महिन्यापूर्वी विश्वजीतनं स्टुडिओत बसवून एकेक बोल सुटा वाजवून घेतला होता. "जपून ठेवायला, काका," म्हणाला होता. जपून ठेवायला म्हणजे हेच.

लंडनहून बोलावणं आलंय हे त्याला ठाऊक होतं. तिकडच्या मंडळींनी दोघांचीच सोय होईल असं कळवलंय, हेही कानावर आलं होतं. त्यानं खोकं जसंच्या तसं बंद केलं आणि संध्याकाळी नेहमीसारखा पखवाज वाजवला. घरी विचारल्यावर "असंल काहीतरी" म्हणाला. मनकर्णाबाईनं पुन्हा विचारलं नाही; त्यानंच एका रात्री झोपताना त्या रबराच्या यंत्राचं तेवढं सांगितलं. दोघांना एकमेकांची गप्प राहण्याची जात माहीत होती.

म्हणूनच प्रदर्शनाचं नाव निघाल्यावर तो हरखला होता. भिंतीवर आपले दहा फोटो लागले, तर आपणही या बँडात होतो हे उद्या कुणाला पुसता येणार नाही, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. आणि आता हातात काय, तर कणीक.

दुसऱ्या दिवशी तनुजा फोटो न्यायला आली. मोतीराम आधी चहाचं, मग शेजारच्या लग्नाचं, मग पाण्याच्या टँकरचं बोलला. शेवटी मनकर्णाबाईनंच फोन उचलून तिच्या हातात दिला. "घे बाई. भाकरीबी नाय, भाजीबी नाय, निस्ती कणीक हाय."

तनुजा हसली. मग हसायची थांबली. ती फोटो बघत राहिली, आणि एका फोटोवर तिनं ओठ मिटले, तो आरशातला असावा. बघता बघता ती नागपूरला पोचली. तिनं तो मोठा केला. चिठ्ठी वाचली.

"काका, तुम्हाला माहीत होतं?"

"फोटोत दिसतंय की."

"तीन महिने?"

"तीन झाले काय? असतील."

तनुजाच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला वाटलं विश्वजीत तुमच्याशी बोलला असेल. त्याला वाटलं मी बोलीन. खरं सांगू, दोघांनाही तोंड नव्हतं."

"बोलायला तोंड लागतं व्हय," मनकर्णाबाई चहा गाळत म्हणाली, "आम्हाला वाटलं रबर लागतं."

"मनकर्णे," मोतीराम म्हणाला.

"मी आपलं रबर म्हणतीये. फ्रीजचं. ढिलं झालंय."

तनुजा रडता रडता हसली. जाताना तिनं दहा नाही, चाळीस फोटो आपल्या फोनवर घेतले. नागपूरचाही घेतला.

प्रदर्शन उघडलं ते श्रावण शुद्ध पंचमीला. सणाचा दिवस, बाया बांगड्या-मेंदीच्या हातानं आलेल्या. तनुजानं स्वतःचे आणि विश्वजीतचे फोटो दोन बाजूंच्या भिंतींवर लावले होते आणि मधली सगळ्यात मोठी भिंत कणकेला दिली होती. विश्वजीतच्या फोटोंत गर्दी होती, प्रकाश होता. पोरंपोरी तिथं उभं राहून आपले फोटो काढून घेत होती. पण थोड्या वेळानं मधल्या भिंतीपुढंच दाटी झाली. आधी एक वयस्क बाई थांबली. मग तिनं दुसरीला हाक मारली.

"ही बघ, सैल भिजवलीये. हिच्या पोळ्या फाटणार."

"अगं, पोळ्यांची नाही ती. खाली वाच, मृदंगाची आहे."

"मृदंगाची असली म्हणून काय झालं? तिंबायला नको?"

"ह्या इंदूरच्या गव्हात रवा आहे बघ. चमकतोय."

"कुणी मळली म्हणायची? बाप्ये मळत असतील तर बरीच आहे की."

"नवरा पाठवायचा म्हणे आणि बायको घरून पास-नापास करायची. असा नवरा मेला आमच्या वाट्याला नाही आला!"

मनकर्णाबाई त्यांच्यातच उभी होती, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन. कुणाला तिची ओळख नव्हती. एक बाई तिलाच कोपरानं ढोसून म्हणाली, "मावशी, तुम्ही सांगा, ही पणजीची कणीक कुणी पास केली असती का?" मनकर्णाबाई फोटोकडं बघत शांतपणे म्हणाली, "नाय केली. पण कार्यक्रमाला दहा मिंटं राह्यली व्हती."

मोतीराम दाराजवळच्या खुर्चीवर बसून हे सगळं बघत होता. दालनात पंखे हळू फिरत होते, बायकांचे आवाज दुरून आल्यासारखे येत होते. त्याला वाटलं, हे वर्ष आता कुठं खरं घडतंय.

नागपूरच्या फोटोपुढं विश्वजीत उभा होता. खूप वेळ उभा होता. त्याच्यापुढून बाया येत-जात होत्या, कणकेविषयी बोलत होत्या. त्या खोक्यावरची चिठ्ठी कुणी वाचत नव्हतं. तो एकटाच वाचत होता. मग तो मोतीरामच्या शेजारी येऊन जमिनीवरच बसला.

"काका, तिकडं दोघांचीच सोय होती. आणि कणीक विमानात नेऊ देतील की नाही, तुमचा पासपोर्ट नाही, तो वेळेत कसा होणार... मी गडबडलो."

"ते रबरी पॅड न्या," मोतीराम म्हणाला.

विश्वजीतनं वर पाहिलं.

"न्या. माझं काय म्हणणं नाय. नवीन जमाना हाय, रबर वाजतं तर वाजू द्या. फक्त त्यातला माझा हात काढा." त्याचा आवाज चढला नव्हता. काकड्याला वेळेवर हजर राहणाऱ्या माणसाचा तो आवाज होता. "दुसऱ्या कुणाचा भरा. तयार मिळतात म्हणं बाजारात. माझा हात इथं राहिला आन् मी बी इथं राह्यलो, तर मला चालंल. पण हात लंडनला आन् मी एन-सातला, असं करू नका. मला झोप लागायची नाय."

"तुमच्या हाताशिवाय ती गौळण होत नाही, काका."

"मंग तुमीच बघा."

विश्वजीत उठला आणि गर्दीतून बाहेर निघून गेला. तनुजा त्याच्यामागं गेली. घरी जाताना रिक्षात मनकर्णाबाईनं विचारलं, "काय म्हणाला?"

"काय नाय."

"तुमी काय म्हणालात?"

त्यानं सांगितलं. रिक्षा क्रांती चौकाच्या गर्दीत अडकली होती. मनकर्णाबाईनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "बरं केलंत. नाय नेलं तर नाय नेलं. देऊळ कुठं पळून चाललंय?" पण तिनं त्याचा हात धरला होता, भर रस्त्यात, एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

चार दिवस फोन वाजला नाही. मोतीराम देवळात जायचा, वाजवायचा, यायचा. लोक विचारायचे, "लंडनला कधी?" तो म्हणायचा, "पोरं जातील." पाचव्या दिवशी सकाळी पूजा आटोपते न आटोपते तोच विश्वजीत दारात आला. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"लंडनचा कार्यक्रम गेला, काका. तिघं येऊ नाहीतर कुणीच नाही, असं कळवलं. ते चिडले. तिथल्या छापील पत्रिकासुद्धा वाया गेल्या. दिवाळीनंतर बघू म्हणाले, तेही नक्की नाही." तो चौकटीला टेकला. "आणि ते चाळीस बोल पुसले. रात्री पुसताना एकेक ऐकलाही. मला माफ करा."

मोतीराम देवघराकडं बघून काही पुटपुटला. मग म्हणाला, "आत या आधी. उंबऱ्यावर माफी नसती मागत." मनकर्णाबाईनं त्याच्यापुढं पोह्यांची ताटली ठेवली. जरा जोरातच ठेवली, पण शेंगदाणे भरपूर घातले होते.

पुढच्या सोमवारी मोतीराम पासपोर्टच्या कचेरीत गेला. विश्वजीतनं कागद लावून दिले होते, पण आत एकट्यालाच सोडतात. काउंटरवरची मुलगी तरुण होती. तिनं बोटांचे ठसे घेतले, दोनदा घ्यावे लागले, कारण वाजवून वाजवून त्याच्या बोटांवरच्या रेषा विरळ झाल्या होत्या. मग कॅमेऱ्याकडं बघायला सांगितलं. "हसू नका काका. चेहरा सरळ."

तो सरळ बसला. दिव्याच्या प्रकाशात त्याला क्षणभर समोर हजार माणसं बसल्यासारखी वाटली.

"झालं," मुलगी म्हणाली, आणि पडद्यावरचा अर्ज वाचत विचारलं, "व्यवसायात निवृत्त ठेवते ना?"

"नाय हो बाई," मोतीराम म्हणाला. "निवृत्त मी कंपनीतून झालो. वाजवतोय अजून."